बर्किट लिम्फोमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्किट लिम्फोमा माणसाच्या शरीरात वाढणाऱ्या सर्वांत वेगवान कर्करोगांपैकी एक. वेळेत आणि पूर्ण मात्रेत औषध मिळाले तर तो पूर्ण बराही होतो. इथे गमावलेला दिवस महाग पडतो, म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत दिवसांचा आणि तासांचा हिशेब येईल. डोस आणि आकडे दिले आहेत ते चाललेले उपचार समजावेत म्हणून. तुमच्या रुग्णाचा डोस त्याचे डॉक्टरच ठरवतील.

हा नेमका कोणता आजार आहे?

रक्तातल्या बी-लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. नॉन-हॉजकिन लिम्फोमाचा हा एक प्रकार. मोठ्या माणसांच्या लिम्फोमांमध्ये तो शंभरात एखाद-दुसराच सापडतो, लहान मुलांत मात्र नॉन-हॉजकिन लिम्फोमाच्या मोठ्या वाट्यात हाच असतो. त्याच्या पेशींची संख्या २४ ते ४८ तासांत दुप्पट होऊ शकते. म्हणूनच या रविवारी सुपारीएवढी लागलेली गाठ पुढच्या रविवारी लिंबाएवढी होते आणि घरच्यांना वाटते, आधी आपल्या लक्षात कसे आले नाही. आधी ती नव्हतीच.

आजाराचे तीन गट मानतात. आफ्रिकेच्या विषुववृत्तीय पट्ट्यातल्या मुलांत दिसणारा, जगात इतरत्र तुरळक दिसणारा आणि एचआयव्हीसारख्या कारणाने प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांत दिसणारा. भारतात बहुतेक रुग्ण दुसऱ्या गटातले. २०२२ च्या जागतिक वर्गीकरणात मात्र भूगोलापेक्षा पेशीत एपस्टीन-बार विषाणू आहे की नाही, यावर भर दिला आहे. हा बदल योग्यच आहे, कारण नागपूरच्या मुलाच्या पेशीही युगांडातल्या कंपालाच्या मुलासारख्या असू शकतात.

‘बर्किट’ हे नाव कुठून आलं?

डेनिस बर्किट हे आयरिश शल्यचिकित्सक युगांडात कंपालाच्या मुलागो हॉस्पिटलात काम करत. १९५७ मध्ये त्यांनी एक मूल पाहिले, ज्याच्या वरच्या-खालच्या जबड्याच्या चारही भागांत गाठी होत्या. तसेच दुसरे मूल दिसल्यावर त्यांनी जुने कागद चाळले आणि १९५८ मध्ये निबंध छापला. १९६१ मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर जुन्या मोटारीतून सुमारे १६,००० किलोमीटर फिरून, वाटेतल्या हॉस्पिटलांत फोटो दाखवून ‘असे मूल इथे येते का’ असे विचारत त्यांनी नकाशा तयार केला. आजार उष्ण, भरपूर पावसाच्या, सखल भागात होता; थंड, उंच भागात नव्हता. तो मलेरियाचाच पट्टा होता.

त्याच वर्षी लंडनला बर्किट यांचे व्याख्यान ऐकून अँथनी एपस्टीन यांनी गाठींचे नमुने मागवायला सुरुवात केली. एक नमुना घेऊन निघालेले विमान धुक्यामुळे मँचेस्टरला उतरले. बाटली उशिरा पोचली तेव्हा आतले पाणी गढूळ होते. जंतू वाढले म्हणून ती टाकून द्यायची वेळ आली होती, पण सूक्ष्मदर्शकाखाली तो गढूळपणा गाठीपासून सुटून तरंगणाऱ्या पेशींचा निघाला. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढल्या आणि १९६४ मध्ये एपस्टीन, अचाँग आणि बार यांनी त्यांच्यात विषाणू दाखवला. माणसात कर्करोगाशी जोडला गेलेला तो पहिला विषाणू.

आजार होतो कशामुळे? घरात दुसऱ्याला लागेल का?

लागत नाही. एपस्टीन-बार विषाणू जगातल्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात आयुष्यभर निमूटपणे असतो. एकट्या विषाणूने हा कर्करोग होत नाही.

मूळ बिघाड गुणसूत्रांत होतो. आठव्या गुणसूत्रावर ‘मिक’ नावाचे जनुक असते, पेशीला ‘विभागणी कर’ सांगणारे. चौदाव्या गुणसूत्रावर अँटिबॉडी बनवणारे जनुक असते, जे बी-पेशीत सतत चालू असते. दोन्ही गुणसूत्रे तुटून तुकड्यांची अदलाबदल झाली की मिक त्या चालू जनुकाशेजारी येते आणि बंद होणे विसरते. सुमारे ८० टक्के रुग्णांत ८ आणि १४ ही जोडी असते, उरलेल्यांत ८ बरोबर २ किंवा २२. मलेरियाचा संबंध इथे येतो. फाल्सिपेरम मलेरिया वारंवार झाला की बी-पेशी सतत उत्तेजित राहतात, आपल्या डीएनएत काटछाट करणारे ‘एड’ हे एन्झाइम जास्त वापरतात, आणि चुकीच्या जागी तुकडा पडण्याची शक्यता वाढते. २०१२ मध्ये कळले की मिकशिवाय आयडी३ आणि टीसीएफ३ या जनुकांतले बदलही बहुतेक बर्किटमध्ये असतात आणि पेशीला जगत ठेवतात.

हा बदल आयुष्यात नंतर, एका पेशीत होतो. आईवडिलांकडून आलेला नसतो. गरोदरपणात काय खाल्ले, दृष्ट लागली का, मोबाइल जवळ ठेवला का, याचा त्याच्याशी संबंध नाही. हे आईला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवे, कारण ती मनातल्या मनात हाच प्रश्न विचारत असते.

कोणती लक्षणं दिसतात?

आपल्याकडे बहुधा पोटापासून सुरुवात होते. पोट फुगणे, दुखणे, उलट्या, पोटात पाणी. लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते तिथे गाठ वाढून आतड्यात आतडे शिरते आणि मूल ‘अपेंडिक्स’ म्हणून ऑपरेशनला जाते. पाच-सहा वर्षांवरच्या मुलात आतड्यात आतडे शिरले, तर मागे गाठ आहे का हे शोधलेच पाहिजे. जबड्यात आजार असेल तर दात हलायला लागतात आणि पहिली भेट दंतवैद्याची होते. हाडांतल्या मज्जेत पसरला असेल तर फिकेपणा, ताप, हाडे दुखणे. हनुवटी किंवा खालचा ओठ अचानक बधिर होणे, एक पापणी पडणे, दोन-दोन दिसणे ही छोटी वाटणारी लक्षणे मज्जासंस्थेत, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूच्या भागात, आजार गेल्याची खूण असू शकतात. ती त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

गाठ टीबीची समजून एकेटी (टीबीची औषधं) सुरू केलं आहे. महिनाभर वाट पाहू का?

नको. आपल्याकडे मानेतली किंवा पोटातली गाठ दिसली की टीबीचा विचार आधी येतो आणि तो चुकीचा नाही. चूक होते ती तुकडा न तपासता औषध सुरू करून महिन्याने बघू म्हणण्यात. टीबीची गाठ आठवड्यागणिक दुप्पट होत नाही. गाठ वेगाने वाढते आहे आणि रक्तातले एलडीएच (पेशी वेगाने वाढत-फुटत असल्याची खूण) खूप वाढलेले आहे, तर बायोप्सी त्याच आठवड्यात व्हायला हवी.

त्याहून घातक गोष्ट म्हणजे तपासणीआधी दिलेले स्टिरॉइड. सूज उतरावी म्हणून दिलेल्या डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनने गाठ दोन-तीन दिवसांत लहान होते, सगळ्यांना हायसे वाटते आणि बायोप्सीत फक्त मेलेल्या पेशी येतात. आजार मात्र परततो. शिवाय गाठ एकदम विरघळल्याने मूत्रपिंडे बंद पडू शकतात. तसे औषध आधी दिले गेले असेल तर तारीख आणि डोस लिहून मोठ्या हॉस्पिटलात सांगा, लपवू नका.

बायोप्सी कशी व्हावी? सुईची तपासणी पुरते का?

बारीक सुईने घेतलेल्या एफएनएसीवर पूर्ण निदान होत नाही. शक्यतो गाठीचा तुकडा किंवा जाड सुईने घेतलेले अनेक धागे हवेत. एक भाग १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट तरी द्रव असलेल्या बरणीत. दुसरा ताजा भाग फ्लो सायटोमेट्रीसाठी (जिवंत पेशींच्या खुणा यंत्राने ओळखण्याची तपासणी) सलाइनमध्ये किंवा लॅबने दिलेल्या द्रवात. ऑपरेशन थिएटरमध्ये सवयीने सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकला जातो आणि मग फ्लो होत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवणे बरे. पोटात किंवा छातीत पाणी असेल तर गाठ कापण्याआधी ते पाणी तपासा. त्यात पुष्कळ पेशी असतात, फ्लोचा रिपोर्ट एका दिवसात मिळू शकतो आणि गंभीर रुग्णाची भूल टळते.

तालुक्याच्या ठिकाणी बायोप्सी झाली असेल तर ब्लॉक म्हणजे मेणाचे ठोकळे आणि स्लाइड दोन्ही मागून घ्या. नुसत्या कागदी रिपोर्टवर कोणतेही कर्करोग केंद्र केमो सुरू करत नाही, ते स्वतः पुन्हा पाहते.

रिपोर्टमधल्या शब्दांचा अर्थ काय?

‘तारांकित आकाश’ असे लिहिलेले असते: एकसारख्या गडद पेशींच्या पार्श्वभूमीवर मेलेल्या पेशी गिळणाऱ्या फिकट मोठ्या पेशी चांदण्यांसारख्या दिसतात. पेशींच्या ओळखखुणा असलेल्या प्रथिनांपैकी सीडी२०, सीडी१० आणि बीसीएल६ पॉझिटिव्ह, बीसीएल२ निगेटिव्ह किंवा अगदी मंद, टीडीटी निगेटिव्ह. केआय-६७ जवळपास १०० टक्के, म्हणजे जवळजवळ प्रत्येक पेशी विभागणीत आहे. शेवटी फिश या गुणसूत्रांच्या तपासणीत मिक जनुकाची फारकत, म्हणजे ते तुटल्याचे, दिसावे लागते. बीसीएल२ ठळक असेल तर पॅथॉलॉजिस्ट वेगळ्या लिम्फोमाचा विचार करतात. अकराव्या गुणसूत्रात बिघाड असलेला, बर्किटसारखाच दिसणारा पण मिक शाबूत असलेला एक प्रकारही आता स्वतंत्र मोजतात.

केमोआधी कोणत्या तपासण्या? पेट स्कॅनची तारीख दहा दिवसांनी मिळाली आहे.

पेट स्कॅनसाठी दहा दिवस थांबायचे नाही. सीटी स्कॅन, सोनोग्राफी, मज्जेची तपासणी आणि पाठीतल्या पाण्याची तपासणी यांवर उपचार सुरू करता येतात. मज्जेत २५ टक्के किंवा जास्त कर्कपेशी असतील तर मुलांत तो बर्किट ल्युकेमिया धरतात.

रक्तात सीबीसी, एलडीएच, युरिक ॲसिड, क्रिएटिनिन, पोटॅशियम, फॉस्फरस, कॅल्शियम, एचआयव्ही, हिपॅटायटिस सी आणि हिपॅटायटिस बीच्या दोन तपासण्या: एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी. दुसरी अनेकदा राहून जाते. जुना, झोपलेला हिपॅटायटिस बी या उपचारातल्या रिटुक्सिमॅब या औषधाने जागा होऊन यकृत निकामी करू शकतो. पॉझिटिव्ह असेल तर एंटेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर सुरू करून उपचार संपल्यानंतरही किमान वर्षभर चालू ठेवतात. डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधासाठी इको (हृदयाची सोनोग्राफी) लागतो. आणि जी६पीडी हे लाल पेशींतले एन्झाइम, त्याचे कारण पुढे येते. जी६पीडीचा नमुना रक्त चढवण्याआधी घ्या, नंतर घेतला तर रक्तदात्याच्या पेशी मोजल्या जातात.

तरुण पुरुष रुग्ण असेल तर पहिल्या केमोआधी वीर्य साठवण्याचे विचारा. एका सकाळचे काम आहे आणि नंतर ती संधी येत नाही. संकोचापायी हा विषय कुणीच काढत नाही.

ॲडमिट केलं, पण नुसतं सलाइनच चालू आहे. केमो का देत नाहीत?

कारण पहिल्या आठवड्यातला मोठा धोका गाठ फार लवकर विरघळण्याचा असतो. याला ट्यूमर लायसिस म्हणतात. पेशी फुटल्या की त्यांच्यातले पोटॅशियम, फॉस्फरस आणि न्यूक्लिक ॲसिड रक्तात ओतले जाते. न्यूक्लिक ॲसिडचे युरिक ॲसिड होते, ते मूत्रपिंडाच्या नळ्यांत खड्यांसारखे बसते. फॉस्फरस कॅल्शियमला पकडतो, मग कॅल्शियम खाली जाऊन हातपाय वळतात, झटके येतात. पोटॅशियम चढले की हृदयाचा ठोका चुकतो. युरिक ॲसिड ८ मिलिग्रॅमवर, पोटॅशियम ६ वर, मुलांत फॉस्फरस ६.५ आणि मोठ्यांत ४.५ वर, कॅल्शियम ७ खाली, यांतल्या दोन गोष्टी एकदम झाल्या की लायसिस सुरू झाला असे धरतात. बर्किटमध्ये तो केमोआधी आपोआपही सुरू होतो.

म्हणून सलाइन शरीराच्या क्षेत्रफळाच्या दर चौरस मीटरला रोज सुमारे ३ लिटर या वेगाने, आणि त्यात पोटॅशियम अजिबात नाही. लघवी तासाला दर चौरस मीटर १०० मिलिलिटरच्या आसपास हवी. लघवीचे माप म्हणजे सिस्टरांचे कागदी काम नव्हे; मूत्रपिंड थकल्याचा तो सर्वांत पहिला इशारा. बाथरूमला जाऊन आल्यावर ‘झाली थोडी’ असे सांगू नका, भांड्यात मोजा आणि वेळ लिहा. रक्त दर ४ ते ६ तासांनी तपासले जाते. पुन्हापुन्हा सुई टोचल्याचे वाईट वाटते, पण त्या दोन दिवसांत हेच रुग्णाला वाचवते.

ॲलोप्युरिनॉल नवीन युरिक ॲसिड बनू देत नाही, पण आधी साठलेले घालवत नाही. ते काम रासबुरिकेज करते: किलोमागे ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम, आणि काही तासांत युरिक ॲसिड जवळपास शून्यावर. इथे दोन सापळे आहेत. जी६पीडी कमी असलेल्या रुग्णात या औषधाने लाल पेशी फुटतात. ही कमतरता पारशी समाजात आणि महाराष्ट्रातल्या काही आदिवासी समाजांत जास्त आढळते. दुसरा सापळा लॅबचा. औषध नळीतल्या रक्तातही काम करत राहते, म्हणून नमुना थंड केलेल्या नळीत, बर्फात ठेवून लगेच पोचवावा लागतो. साध्या नळीत, वॉर्डबॉयच्या ट्रेमध्ये तासभर फिरलेल्या नमुन्याचे युरिक ॲसिड खोटे कमी येते आणि सगळे निश्चिंत होतात.

पूर्वी सलाइनमध्ये सोडा घालून लघवी अल्कलाइन करत. लायसिससाठी आता तसे करत नाहीत, कारण अल्कलाइन लघवीत कॅल्शियम-फॉस्फेटचे खडे बसतात. आणि कॅल्शियम नुसते आकड्यात कमी दिसले म्हणून कॅल्शियमचे इंजेक्शन देत नाहीत, लक्षणे असतील तरच.

अशक्तपणा आहे म्हणून शहाळं, फळांचा रस दिला तर?

पहिला आठवडा नको. एका शहाळ्यातून काहीशे मिलिग्रॅम पोटॅशियम पोटात जाते. केळे, मोसंबीचा रस, टोमॅटोचे सार, सुकामेवा, डाळींचे घट्ट कढण यांचेही तसेच. ‘लो सोडियम’ मिठात तर सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेले असते. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळे घेऊन येतो, त्यामुळे पलंगाशेजारी एक पाटी लावलेली बरी. भात, पोळी, दुधी-पडवळासारख्या भाज्या उकळून पाणी काढून देता येतात. धोका टळल्यावर डॉक्टर मोकळीक देतात.

केमो कोणती देतात? सगळीकडे एकच असते का?

मुलांत आणि मोठ्यांत पद्धती वेगळ्या आहेत. मुलांत बहुतेक ठिकाणी फ्रेंच एलएमबी पद्धतीवर आधारलेली केमो असते. सुरुवात हलक्या ‘कॉप’ने: सायक्लोफॉस्फमाइड चौरस मीटरला ३०० मिलिग्रॅम, व्हिन्क्रिस्टीन १ मिलिग्रॅम आणि आठवडाभर प्रेडनिसोलोन. मोठी गाठ टप्प्याने विरघळावी, लायसिस आवाक्यात राहावा, हा हेतू. आठवड्याने मुख्य केमो. ऑपरेशनमध्ये छोटी गाठ पूर्ण निघाली असेल तर फक्त दोन फेऱ्या पुरतात. अशा मुलांत आंतरराष्ट्रीय अभ्यासात ९८ टक्के आजारमुक्त राहिली. आजार पसरलेला असेल तर जास्त मात्रेचे मेथोट्रेक्सेट, सायटाराबीन, मज्जासंस्थेत गेला असेल तर आणखी तीव्र.

मोठ्यांत दोन मुख्य वाटा. पहिली कोडॉक्स-एम आणि आयव्हॅक या दोन औषधसंचांची आलटून-पालटून फेरी, १९९६ मध्ये मॅग्रथ यांनी मांडलेली. ताकदवान, पण चाळिशीनंतर शरीराला झेपणे कठीण. दुसरी डोस-ॲडजस्टेड ईपॉक-आर: इटोपोसाइड, डॉक्सोरुबिसिन आणि व्हिन्क्रिस्टीन सलग ९६ तास थेंबाथेंबाने, पाचव्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड, बरोबर प्रेडनिसोलोन आणि रिटुक्सिमॅब, दर २१ दिवसांनी. हळू, सतत मिळणारे औषध पटापट विभागणाऱ्या पेशीला सुटायला वाव देत नाही. अमेरिकेतल्या २२ केंद्रांतल्या ११३ रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांचे मध्यक वय ४९ होते, ४ वर्षांनी ८७ टक्के जिवंत होते. कमी जोखमीच्या रुग्णांना तीनच फेऱ्या दिल्या आणि त्यांच्यात आजार परतला नाही. मज्जासंस्थेत आजार असलेल्यांचे निकाल मात्र वाईट होते. तिथे ही पद्धत एकटी पुरत नाही.

नेहमीच्या लिम्फोमाला दिली जाणारी आर-चॉप बर्किटला अपुरी आहे. निदान बर्किट आणि कागदावर चॉप दिसली तर कारण विचारा.

ईपॉकमध्ये नातेवाईकांच्या हातात असलेली एक गोष्ट म्हणजे आठवड्यातून दोनदा सीबीसी. पुढच्या फेरीचा डोस त्यावर ठरतो. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली गेलेच नाहीत तर डोस २० टक्के वाढतो. प्लेटलेट २५,००० च्या खाली गेल्या तर २० टक्के कमी होतो. घरी बरे वाटते म्हणून सीबीसी चुकवली, की डॉक्टरांना डोस वाढवण्याचा आधारच राहत नाही आणि रुग्णाला कमी औषध मिळते. ९६ तासांची ही औषधे शिरेबाहेर गळली तर कातडी जाळतात, म्हणून हातातल्या साध्या सुईतून नव्हे, मोठ्या शिरेपर्यंत जाणाऱ्या पिक लाइन किंवा पोर्टमधूनच.

गेल्या काही वर्षांत खरोखर काय बदललं?

सर्वांत मोठा बदल रिटुक्सिमॅब. हे सीडी२० ला चिकटणारे औषध मोठ्यांत आधीपासून होते. मुलांत आधीच निकाल चांगले असल्याने त्याची भर पडते का, असा प्रश्न होता. जास्त जोखमीच्या ३२८ मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीने २०२० मध्ये उत्तर दिले: केमोबरोबर रिटुक्सिमॅबचे सहा डोस मिळालेल्यांत ३ वर्षांनी ९३.९ टक्के आजाराविना होती, नुसत्या केमोवर ८२.३ टक्के. या गटात इतका फरक पडणे ही फार मोठी गोष्ट आहे. किंमत म्हणून काही मुलांत अँटिबॉडींची पातळी नंतर बराच काळ कमी राहते.

दुसरे म्हणजे जोखीम मोजण्याची सोपी पद्धत. मोठ्यांसाठी २०२१ मध्ये चार मुद्दे ठरले: वय ४० किंवा जास्त, रोजची कामे स्वतः न जमणे, एलडीएच सामान्यच्या तिपटीहून जास्त आणि मज्जासंस्थेत आजार. एकही नसेल तर ३ वर्षांनी ९२ टक्के रुग्णांत आजार वाढलेला नसतो, एक असेल तर ७२, दोन किंवा जास्त असतील तर ५३.

आणि किंमत. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये रिटुक्सिमॅबची भारतीय आवृत्ती आणली, मग इतरांनीही. नाहीतर हे औषध आपल्याकडच्या बहुतेकांच्या आवाक्याबाहेरच राहिले असते.

आफ्रिकेत, जिथे हा आजार सर्वांत जास्त आहे, तिथे उशिरा येणे, औषध संपणे, बसभाड्याला पैसे नसणे यांमुळे अजूनही निम्म्याच्या आसपास मुले जातात. आजार तोच, पेशी त्याच. मलेरियाविरुद्धच्या आर२१ लशीला जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस दिली. ती पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. बर्किटच्या दोन मोठ्या कारणांपैकी एकावर तिचा घाव आहे.

पाठीतून इंजेक्शन कशाला? भीती वाटते.

शिरेतून दिलेली बहुतेक औषधे मेंदूभोवतीच्या पाण्यात पुरेशी पोचत नाहीत आणि बर्किटला तिथे लपायची सवय आहे. म्हणून मेथोट्रेक्सेट किंवा सायटाराबीन थेट त्या पाण्यात देतात. नंतर तासभर उताणे झोपावे. डोके दुखले तर पाणी प्या, सांगा.

एक गोष्ट हॉस्पिटलनेही आणि तुम्हीही पक्की लक्षात ठेवायची. व्हिन्क्रिस्टीन पाठीत गेले तर जवळजवळ नेहमीच मृत्यू येतो. जगात हे अनेकदा घडले आहे, बहुतेक वेळा दोन्ही सिरिंज एकाच ट्रेमध्ये आल्याने. म्हणून व्हिन्क्रिस्टीन सिरिंजमध्ये नव्हे, सलाइनच्या छोट्या पिशवीत भरावे. पिशवी चुकून पाठीत देता येत नाही. शक्य असेल तिथे दोन्ही औषधे वेगवेगळ्या दिवशी. ‘पिशवीत आहे ना?’ असे विचारणे उद्धटपणा नाही.

मेथोट्रेक्सेट दिल्यावर रोज रक्त का घेतात?

चौरस मीटरला ३ ते ८ ग्रॅम ही मात्रा मुद्दाम घातक असते, आणि ठरलेल्या तासाला फोलिनिक ॲसिड देऊन शरीराला सोडवतात. ते बहुधा २४ तासांनी किंवा प्रोटोकॉलप्रमाणे त्यानंतर सुरू होते आणि दर ६ तासांनी चालते. रक्तातली पातळी २४, ४८, ७२ तासांनी मोजतात आणि ती ०.१ मायक्रोमोलच्या खाली येईपर्यंत थांबवत नाहीत. रात्री दोनचा डोस सिस्टर विसरल्या असे वाटले तर जाऊन उठवा. फॉलिक ॲसिडची गोळी म्हणजे फोलिनिक ॲसिड नव्हे. टॉनिकमधले फॉलिक चालत नाही.

इथे मात्र लघवी अल्कलाइनच हवी, पीएच ७ किंवा वर, कारण आम्ल लघवीत मेथोट्रेक्सेटचे स्फटिक होतात. लायसिसच्या वेळी सोडा नको आणि आता हवा, यात विसंगती नाही, स्फटिक वेगळे आहेत. पोटात किंवा छातीत पाणी असेल तर औषध त्यात साठते आणि दिवसेंदिवस झिरपत राहते, म्हणून आधी पाणी काढतात. त्या दिवसांत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पँटोप्राझोल, कोट्रायमॉक्साझोल बंद. यांपैकी काही घरच्या पिशवीतून ‘ॲसिडिटीची गोळी’ म्हणून आत येते.

घरी असताना ताप आला तर?

१००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस, एकदाच जरी, आणि पांढऱ्या पेशींचे काउंट पडलेले असण्याची शक्यता असेल, तर लगेच निघा. हॉस्पिटलात पोचल्यावर तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून सुरू व्हायला हवे. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहणे ही या उपचारातली सर्वांत महागडी चूक. ताप उतरतो, जंतू उतरत नाहीत. थंडी वाजणे किंवा मूल गळून जाणे हेही तापाशिवाय पुरेसे कारण आहे. केमो केंद्र चार तासांवर असेल तर जवळचे कोणते हॉस्पिटल पहिला डोस देईल, हे पहिल्या डिस्चार्जच्या आधीच ठरवून कागदावर लिहून घ्या. थर्मामीटर घरात ठेवा. गुदद्वारातून ताप मोजू नका आणि एनिमा देऊ नका.

लग्न आहे, पुढची केमो आठवडाभर पुढे ढकलली तर चालेल?

चालणार नाही. दोन फेऱ्यांच्या मधे वाचलेल्या पेशीही तितक्याच वेगाने वाढतात. न्यूट्रोफिल १,००० आणि प्लेटलेट १,००,००० वर आल्या की पुढची फेरी, सणवार असो वा परीक्षा.

गाठ ऑपरेशन करून काढली तर केमो टळेल का? आणि शेक?

मोठी गाठ कापून लहान करण्याचा उपयोग नाही. जखम भरेपर्यंत केमो लांबते आणि उरलेली गाठ तेवढ्यात पूर्ववत होते. ऑपरेशन बायोप्सीसाठी, आतडे अडकले किंवा फुटले तर. शेकाला, म्हणजे रेडिएशनला, आता जवळजवळ जागा नाही.

एचआयव्ही असेल तर केमो झेपते का?

झेपते, आणि तीही बरे करण्याच्या उद्देशानेच द्यायची. एचआयव्हीतला बर्किट सीडी४ (प्रतिकारशक्ती दाखवणाऱ्या पेशी) २०० च्या वर असतानाही होतो. एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधे, चालू ठेवतात, पण त्यांतले झिडोव्हुडीन मज्जा दाबते, आणि रिटोनाव्हिर किंवा कोबिसिस्टॅटमुळे व्हिन्क्रिस्टीन शरीरात साठून नसा निकामी होऊ शकतात. टेनोफोव्हिर असेल तर मेथोट्रेक्सेटच्या वेळी मूत्रपिंडावर जास्त लक्ष. एआरटी केंद्राचे हिरवे पुस्तक किंवा जे कार्ड असेल ते कर्करोगाच्या डॉक्टरांना दाखवा. लपवल्याने नुकसान रुग्णाचेच.

आजार परत आला तर?

परतायचा तर बहुधा पहिल्या वर्षातच परततो. तेव्हा वाट खडतर असते: आर-आयसीईसारखी केमो, ती लागू पडली तर स्टेम सेल प्रत्यारोपण. कार-टी उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, कर्कपेशी ओळखायला शिकवून परत देतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून उभ्या केलेल्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात परवानगी मिळाली, परदेशी उपचाराच्या साधारण दहाव्या हिश्श्याच्या खर्चात. बर्किटमध्ये मात्र कार-टीचा परिणाम इतर लिम्फोमांइतका टिकत नाही. पेशी तयार व्हायला आठवडे लागतात आणि हा आजार तेवढे थांबत नाही. म्हणून पहिलाच उपचार पूर्ण मात्रेत व्हावा, यासाठी एवढा आग्रह.

खर्चाचं काय?

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन पहिल्याच दिवशी त्यांना भेटा. केमोची पूर्वमंजुरी लागते, ती लांबली तर रुग्णाची तातडी डॉक्टरांकडून लिहून घ्या. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये वैद्यकीय समाजसेवा विभाग औषधांसाठी ट्रस्टची मदत मिळवून देतो. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, आणि मुलांसाठी सेंट ज्यूड केंद्रे, जिथे स्वयंपाकाची सोय असते. रेल्वेच्या सवलतीसाठी हॉस्पिटलचे प्रमाणपत्र लागते.

उपचार संपले. आता तपासणी किती वर्षं?

पहिले वर्ष दर एक-दोन महिन्यांनी, दुसरे दर तीन महिन्यांनी. दोन वर्षे आजाराविना गेली की परतणे फारच विरळ. त्यानंतरच्या तपासण्या आजारासाठी कमी आणि औषधांच्या खुणांसाठी जास्त: डॉक्सोरुबिसिन मिळाले म्हणून ठरावीक काळाने इको, वारंवार सर्दी-खोकला होत असेल तर आयजीजी या अँटिबॉडीची पातळी. लसी साधारण सहा महिन्यांनंतर पुन्हा सुरू होतात, जिवंत जंतूंच्या लसी डॉक्टरांनी सांगितल्यावरच. केमोच्या एकूण मात्रा लिहिलेला सारांश मागून घ्या आणि घरातल्या महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवा. वीस वर्षांनी दुसऱ्या शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञाला डॉक्सोरुबिसिन किती मिलिग्रॅम गेले होते हे विचारावेसे वाटेल, तेव्हा तोच कागद लागेल.